तीन दिवसांचं सामान

तौक्ते वादळ यायच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वाडीतल्या किनाऱ्यालगतच्या घरांतली माणसं वरच्या शाळेत हलवली. मे २०२१. करोनाची दुसरी लाट चालू होती, त्यामुळे शाळेच्या पडवीत सॅनिटायझरची बाटली आणि प्रत्येकाच्या तोंडाला फडकं. शाळा वर्षभर बंदच होती. फळ्यावर आदल्या वर्षीच्या मार्चमधली तारीख तशीच होती, बाकं भिंतीशी एकावर एक रचलेली, कोपऱ्यात पालीची अंडी. थोरल्या काकीला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार पोरांनी पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून वर आणलं. तिच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती. त्यात साखरेच्या गोळ्या, एक लुगडं, मशेरीची डबी आणि घराच्या किल्ल्या. वीज दुपारीच गेली होती. समुद्राचा आवाज नेहमीसारखा येत-जात नव्हता, एकसारखा घरघरत होता. अंधारात काकीनं मला विचारलं, "म्हशीचा दावा सोडलंस मां?" सोडलं, म्हटलं. मग थोड्या वेळानं, "घराक कधी जावचा रे?" मी म्हटलं, "फाल्या," म्हणजे उद्या. आणि ती कूस वळवून झोपली.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर वारा पडला आणि आम्ही खरंच खाली आलो. पडवीवरची कौलं गेली होती, न्हाणीघरावर माड आडवा झाला होता, आंब्याची झाडं मुळासकट लोळली होती, आणि म्हैस शेजारच्या कुणग्यात उभी राहून रवंथ करत होती. म्हणजे माझा शब्द खरा ठरला. तरी ते उत्तर माझ्या मनातून गेलं नाही. किती सहज दिलं मी ते. आणि तेवढ्या एका शब्दाच्या भरवशावर ऐंशी ओलांडलेली बाई परक्या फरशीवर रात्रभर झोपली. तो शब्द खरा ठरणार नसता तर तिचं काय झालं असतं, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यामागे लागला आहे. तो लागण्याचं कारण आमच्या दारातूनच दिसतं. खाडीपलीकडे माडबनचा सडा आहे, कातळाचं उघडं पठार.

त्या सड्यावर जैतापूर अणुवीज प्रकल्पाच्या सहा अणुभट्ट्या यायच्या आहेत, मूळ आराखड्याप्रमाणे प्रत्येकी १६५० मेगावॅटच्या, एकूण ९९०० मेगावॅट. त्यांच्याबद्दल इतकी वर्षं बोललं जातंय की माझ्या भाचरांना प्रकल्प नसलेला सडा आठवतच नाही, आणि प्रकल्प तर अजून उभाही राहिलेला नाही. त्याच्या बाजूनं आणि विरुद्ध जे बोललं गेलं ते इथल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. ते मी पुन्हा सांगत बसत नाही. एक वाक्य मात्र मी अनेक सभांत, अनेक शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलं आहे: फुकुशिमात किरणोत्सर्गानं लोक मेलेच नाहीत. हे वाक्य मोठ्या शांतपणे उच्चारलं जातं आणि त्यानंतर समोरच्यानं गप्प बसावं अशी अपेक्षा असते. मीही पुष्कळ वेळा गप्प बसलो आहे, कारण तेवढ्यापुरतं ते बरंचसं खरं आहे. किरणोत्सर्गाच्या तीव्र माऱ्यानं तिथल्या रहिवाशांपैकी कोणीही दगावलं नाही. पण त्या वादळी रात्रीनंतर मी फुकुशिमाबद्दल जे मिळेल ते वाचत गेलो, आणि मला समजलं की हे वाक्य संपतं तिथूनच खरी हकिगत सुरू होते.

चेर्नोबिलजवळच्या प्रिप्यातच्या लोकांनाही आमच्यासारखंच "फाल्या" मिळालं होतं. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली. दुसऱ्या दिवशी दुपारी जवळच्या प्रिप्यात शहरातल्या सुमारे ४९ हजार माणसांना बसगाड्यांत बसवलं. कागदपत्रं घ्या, थोडं खायचं घ्या, गॅस बंद करा, तात्पुरतं जायचं आहे. लोकांनी तीन दिवसांचं सामान बांधलं. तिथे आज झाडं इमारतींच्या आत वाढली आहेत. जपानमधल्या फुकुशिमात भूकंप आणि त्सुनामीनं अणुवीज केंद्र निकामी झालं, तेव्हा ११ मार्च २०११ च्या रात्री आधी ३ किलोमीटरच्या आतल्यांना निघायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी १०, संध्याकाळी २०. म्हणजे जो माणूस सकाळी सुरक्षित जागी पोचला, तो रात्री पुन्हा धोक्याच्या आत. नामिए गावची पुष्कळ माणसं डोंगराकडच्या त्सुशिमात गेली. समुद्रापासून आणि भट्टीपासून लांब, शहाण्या माणसानं जावं तसंच. पण वारा त्याच दिशेला वळला आणि पाऊस-बर्फाबरोबर विष तिथेच उतरलं. वारा कुठे जाणार याचा हिशेब करणारी यंत्रणा सरकारजवळ होती. तो हिशेब त्या गावापर्यंत पोचला नाही. तिथल्या शाळांच्या आवारात मुलं त्या दिवसांत बाहेर वावरत होती. या एका गोष्टीचा मला अजून राग येतो.

पण मला सगळ्यात जास्त दिवस छळलं ते तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी.

भट्टीपासून ४-५ किलोमीटरवर ओकुमा गावात एक रुग्णालय होतं आणि त्याला जोडून वृद्धांसाठी निवास. अंथरुणाला खिळलेली, नळीवाटे अन्न घेणारी माणसं. त्यांना हलवायला बस आली तेव्हा नेहमीचे रस्ते बंद होते, जवळपासची रुग्णालयं घ्यायला तयार नव्हती, म्हणून बस दोनशेहून जास्त किलोमीटर फिरत राहिली. बसून राहण्याची ताकद नसलेली माणसं बसच्या बाकांवर दहा-दहा तास. काही वाटेतच गेली, काही शाळेच्या व्यायामशाळेत उतरवल्यावर. पुढे भट्टी चालवणाऱ्या टेप्को कंपनीच्या माजी अधिकाऱ्यांवर खटला झाला त्यात अशा ४४ मृत्यूंचा उल्लेख होता. २०१९ मध्ये ते अधिकारी निर्दोष सुटले. जवळच्या मिनामिसोमा शहरातल्या वृद्धाश्रमांचा अभ्यास झाला, तर स्थलांतरानंतर तिथल्या रहिवाशांचं मरणाचं प्रमाण आधीच्या २.७ पट निघालं. फुकुशिमा प्रांतात भूकंप आणि त्सुनामीत थेट गेलेली माणसं सुमारे १,६००. आणि आपत्तीमुळे पण नंतर, म्हणजे हलवाहलवीत, आजार बळावून, उपचार तुटून, आत्महत्येनं गेलेली माणसं २,३०० हून जास्त. लाटेपेक्षा घर सुटण्यानं जास्त माणसं नेली. जपानमध्ये या मृत्यूंची सरकारदरबारी वेगळी नोंद होते आणि घरच्यांना भरपाई मिळते. सभेतल्या त्या वाक्यात ही माणसं कुठेच मोजलेली नसतात.

हे वाचताना मला आकड्यांनी धक्का बसला म्हणावं, तर तसंही नाही. कोकणातल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. आमच्या वाडीत घराघरात अशी एक तरी गोष्ट आहे. म्हातारी एकटी किती दिवस राहणार म्हणून मुलगा तिला मुंबईला घेऊन जातो. विरार, डोंबिवली, दिवा. मुलगा चांगला असतो, सून जीव लावते, जेवण वेळेवर, डॉक्टर इमारतीच्या खालीच. इथे जी बाई पहाटे उठून विहिरीवरून दोन कळशा आणायची, परड्यात भेंडी-पडवळीला पाणी घालायची, ओहोटीला खाडीत उतरून मुळे-शिंपल्या वेचून आणायची, ती तिथे सोफ्याच्या एका कडेला बसून राहते. लिफ्टमध्ये तिला गरगरतं. दुपारी बोलायला कोणी नसतं. पायांना सूज येते, साखर वाढते, मग पडते, मग हाड मोडतं. वर्ष-दोन वर्षांत फोन येतो. त्या फोननंतर गावात जो उसासा टाकला जातो त्यात आश्चर्य नसतं. "हय असती तर आणखी धा वर्सा जगली असती," असं कोणीतरी म्हणतंच, आणि बाकीचे माना हलवतात. मी माझ्या आत्येच्या बाबतीत हे पाहिलं आहे. तिला कुठलाच मोठा आजार नव्हता. तिचा दिवसच काढून घेतला होता.

फुकुशिमातल्या शेतकऱ्यांचं आणि कोळ्यांचं नेमकं हेच झालं. दीड लाखांहून जास्त माणसं घराबाहेर पडली. नंतर तात्पुरत्या वसाहती उभ्या राहिल्या, पातळ भिंतींच्या, शेजाऱ्याचा खोकला ऐकू येणाऱ्या छोट्या खोल्यांच्या रांगा. तीन पिढ्यांची घरं तिथे मावेनात, म्हणून आजी-आजोबा एकीकडे, आई-मुलं दूरच्या शहरात, बाप कामासाठी तिसरीकडे. भात लावणं नाही, भाजी पिकवणं नाही, डोंगरात कंदमुळं-अळंबी शोधायला जाणं नाही. प्रांताच्या आरोग्य पाहणीत वर्षागणिक दिसत गेलं की स्थलांतरितांची वजनं वाढली, मधुमेह वाढला, रक्तदाब वाढला, रक्तातली चरबी वाढली. मनाची पाहणी केली तर पहिल्या वर्षी सुमारे १५ टक्के प्रौढांत गंभीर मानसिक ताण दिसला. एरवी हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास असतं. पुढे ते कमी होत गेलं, पण मूळ पातळीला चटकन आलं नाही. चेर्नोबिलला वीस वर्षं होत आली तेव्हा तज्ज्ञांनी जो आढावा घेतला, त्यातही सार्वजनिक आरोग्यावरचा सगळ्यात मोठा परिणाम मानसिकच असल्याचं नोंदवलं होतं. यावर काही लोक म्हणतात, म्हणजे सगळं मनाचंच. त्यांना मला आत्येची सुजलेली पावलं दाखवावीशी वाटतात.

गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीची गोष्ट वेगळी आणि जास्त अवघड आहे. चेर्नोबिलमध्ये तिथे काही शंका नाही. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडलं, गाईंनी ते खाल्लं, दुधातून ते मुलांत गेलं. दूध वेळेवर थांबवलं गेलं नाही. २००५ पर्यंत तेव्हाच्या मुलांत आणि किशोरांत थायरॉइड कर्करोगाच्या ६,००० हून अधिक केसेस झाल्या. बहुतेक वाचले, पण गळ्यावर आडवा व्रण आणि जन्मभर रोज सकाळी एक गोळी. फुकुशिमात दूध-भाजी लवकर थांबवली, मुलांना मिळालेली मात्रा पुष्कळ कमी. तरीही तीन लाखांहून जास्त मुलांच्या गळ्याची सोनोग्राफी केली आणि तीनशेहून जास्त मुलांत कर्करोग किंवा त्याचा संशय निघाला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या समितीचं म्हणणं असं, की इतक्या बारकाईनं शोधलं म्हणून इतके सापडले, किरणोत्सर्गामुळे नव्हेत. मला ते म्हणणं पटण्यासारखं वाटतं. पण जानेवारी २०२२ मध्ये अपघाताच्या वेळी लहान असलेल्या सहा तरुणांनी कंपनीवर दावा लावला, त्यांच्या जागी मी स्वतःला ठेवून बघतो. गळा कापला गेला आहे. एक म्हणतो भट्टीमुळे, दुसरा म्हणतो तपासलं नसतं तर कळलंही नसतं. दर दोन वर्षांनी मुलीला तपासणीला न्यायचं की नाही, हे आईनं ठरवायचं. नेलं तर नको तो शोध, न नेलं तर रोजची धास्ती. कुठलाही अहवाल त्या आईच्या रात्री परत देऊ शकत नाही.

पैशांबद्दल बोललंच पाहिजे, कारण भावकी मोडायला पैशासारखं दुसरं काही नाही. सक्तीनं घर सोडावं लागलेल्यांना मानसिक त्रासासाठी माणशी महिना एक लाख येन मिळत होते. हद्दीच्या रेषेबाहेरच्यांना फार थोडं. रेषा नकाशावर आखली जाते, वारा तिच्याप्रमाणे वागत नाही. धास्ती दोन्हीकडे सारखीच, पण एकाला पैसे आणि दुसऱ्याला नाही. पोरांना घेऊन स्वतःहून निघून गेलेल्या आयांना जे फुकट घर मिळालं होतं तेही मार्च २०१७ मध्ये थांबलं. ज्या शहरांत ही माणसं गेली तिथे कुजबुज सुरू झाली, यांना काय, बसून मिळतंय. योकोहामात शिकायला गेलेल्या एका मुलाला वर्गातली पोरं जंतू म्हणायची. भरपाई मिळते ना, म्हणत त्याच्याकडून पैसे उकळत राहिली. ती रक्कम पंधरा लाख येनच्या घरात गेली. त्यानं लिहून ठेवलं होतं की मरून जावंसं पुष्कळदा वाटलं, पण त्या आपत्तीत इतकी माणसं मेली म्हणून मी जगायचं ठरवलं. प्राथमिक शाळेतला मुलगा. मी ते वाचलं त्या दिवशी दुसरं काही वाचलं नाही.

आमच्याकडे तर भट्टीचा पायासुद्धा भरलेला नसताना हे सुरू झालं. फुकुशिमाला जेमतेम महिना झाला होता, १८ एप्रिल २०११ ला साखरी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात मच्छीमार वस्तीतला एक तरुण गेला. पुढे जमिनीच्या भरपाईची रक्कम वाढली, कोणी धनादेश घेतले, कोणी घेतले नाहीत. खाडीपलीकडच्या आमच्या एका सोयऱ्यांच्या घरात दोन भावांपैकी एकानं सही केली, एकानं नाही. त्यांचा गणपती पिढ्यान्‌पिढ्या एक होता. आता दोन आहेत, एकाच अंगणात दोन आरत्या, आणि दोन्हीकडे मोदक खायला जाताना आमच्यासारख्यांनी आधी कुणाकडे जायचं याचा विचार करायचा. धाकट्याला मी दोष देत नाही, त्याच्या मुलीचं शिक्षण होतं. थोरल्यालाही देत नाही. सड्यावरच्या कातळात त्याच्या आजोबानं सुरुंगानं खड्डे काढून, खालून माती वाहून नेऊन कलमं लावली होती. त्या मातीचा भाव कुठल्या रेडीरेकनरमध्ये धरायचा?

परतीबद्दलही लिहायला हवं. भट्टीशेजारच्या फुताबा गावाचा काही भाग ऑगस्ट २०२२ मध्ये राहण्यासाठी उघडला, साडेअकरा वर्षांनी. आधी सुमारे सात हजारांची वस्ती होती, परत राहायला आलेली माणसं अगदी मोजकी, त्यांतही बरीचशी उतारवयाची. मुलं दुसऱ्या शहरांत शिकून तिथलीच झाली. मधल्या काळात घरांत रानडुकरं राहून गेली. परवानगी काढून, अंगावर पांढरा पोशाख चढवून, काही तासांपुरतं आपल्याच घरात जायचं, पूर्वजांच्या थडग्यांवर फुलं ठेवायची आणि निघायचं, असं लोकांनी वर्षानुवर्षं केलं. बंद घरं म्हटलं की कोकणी माणसाला वाटेल, त्यात काय नवीन, आमच्याकडे अर्धी वाडी बंदच असते. खरं आहे. पण आमच्या कुलपाची किल्ली मुंबईच्या कपाटात असते. गणपतीला ते घर उघडतं, चूल पेटते, जळमटं निघतात, आणि देवळात गाऱ्हाणं घालताना गुरव आठवणीनं म्हणतो की बाहेर गावी गेलेल्या लेकरांना सांभाळ, त्यांना पुन्हा या भूमीवर आण. आम्ही सगळे म्हणतो, व्हय म्हाराजा. परत येता येतं म्हणून गेलेलं सोसतं. ज्यांना राखणदाराच्या जागेवर नारळ ठेवायला सरकारी पास लागतो, त्यांचं सोसणं मला कल्पनेतही पुरतं गाठता येत नाही.

अणुऊर्जेला माझा सरसकट विरोध आहे का, असं मला विचारलं जातं. वीज लागते, कोळसा जाळण्याचे परिणामही दिसतात, समुद्र तापतोय आणि तौक्तेसारखी वादळं अरबी समुद्रात वाढताहेत हेही मी जाणतो. ज्यांना ठरवायचं त्यांनी ते सगळं तोलावं. पण तोलताना तराजूत घर सुटण्याचं वजन घालावं, आणि ते कुठल्या पुस्तकातून नाही, आमच्या वाडीतून मोजून घ्यावं, एवढं मागणं आहे. आपल्याकडच्या नियमांत अणुवीज केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंत आपत्कालीन नियोजन करायचं असतं. माडबनपासून १६ किलोमीटर म्हणजे जैतापूर, नाटे, सागवे आणि अलीकडे विजयदुर्ग, गिर्ये, सगळं त्यात आलं. फुकुशिमातलं इताते गाव बहुतेक सगळं भट्टीपासून ३० किलोमीटरच्या पलीकडे होतं, तरी त्याला उठावं लागलं. आमच्याकडून बाहेर पडायचं म्हणजे वळणावळणाचा एकेरी रस्ता, मग महामार्ग, मग घाट. भुईबावडा घाटात पावसाळ्यात दरड कोसळली की वाहतूक थांबते, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. वैशाख-ज्येष्ठात निघायचं की श्रावणात, यावर किती माणसं पोचतील ते ठरणार.

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी आमच्या आशाताई आणि मी बसून वाडीची एक यादी केली. ती वादळासाठी आहे, भट्टी अजून लांब आहे. कोण चालू शकत नाही, कोणाला इन्शुलिन लागतं आणि ते थंड कशात न्यायचं, कोणाला डायलिसिसला कणकवलीला जावं लागतं, कोण बहिरं आहे म्हणजे भोंगा ऐकू येणार नाही, कोणाची गुरं कोण सोडणार, कोणाला कोणाशेजारी झोपवायचं म्हणजे रात्री बोलायला ओळखीचं माणूस असेल. शेवटचा रकाना आशाताईंनी सुचवला. सरकारी तक्त्यात तसा रकाना नसतो. थोरल्या काकीच्या नावापुढे तीन माणसांची नावं आहेत, कारण खुर्ची धरायला चार जण लागतात आणि चौथा मी. यादी ग्रामपंचायतीत दिली, एक प्रत शाळेत लावली. आता आशाताई म्हणतात की गणपतीतली यादी वेगळी करायला हवी. तेव्हा वाडीत कितीतरी पट माणसं असतात, तान्ही मुलं असतात, मुंबईहून आलेल्यांना पाखाडीच्या पायऱ्या पायाखालच्या नसतात, आणि गाड्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या असतात, त्यामुळे रुग्णवाहिका आत येत नाही. त्या गाड्या आधी कुठे हलवायच्या यावरच आमचं अजून अडलं आहे.